आई समुपदेशक होती: तिचं स्मरण कसं करावं

शिक्षिका गेली की तिचे विद्यार्थी घरी येतात आणि दारात चपला काढता काढताच सांगायला लागतात, "बाईंमुळे मी शिकलो." समुपदेशक गेली की तसं होत नाही. तिच्याकडे वर्षानुवर्षं आलेली माणसं शोकसभेत मागच्या रांगेत बसतात, फोटोला नमस्कार करतात आणि नाव न सांगता निघून जातात. ती माणसं कोण हे घरच्यांनाही कळत नाही, कारण तिने घरी कधी कुणाचं नावच घेतलेलं नसतं. तिच्या दिवसातले पाच-सहा तास घराला माहीत नसतात.

म्हणून अशा बाईची शोकसभा, तिच्यावरचा लेख, स्मरणिका हे सगळं करताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की हवी. तिने जे कुणाला सांगितलं नाही, ते आपल्या हातून भावनेच्या भरात बाहेर पडता कामा नये. हार, फोटो, छपाई यात थोडं उणं-अधिक झालं तरी निभावतं, ही चूक मात्र निस्तरता येत नाही. पुढचा क्रम पहिल्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंतचा आहे.

पहिले तीन दिवस: तिची वही आणि तिचा फोन

घरात माणसांची ये-जा चालू असताना तिच्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पुढच्या आठवड्याची वेळ घेतलेली माणसं ठरल्या दिवशी तिच्या क्लिनिकच्या दाराशी येऊन उभी राहतात आणि कुलूप बघून परत जातात. कुणीतरी शेजारचा दुकानदार त्यांना बातमी देतो. मनाने आधीच हललेल्या माणसाला अशी बातमी रस्त्यात मिळणं फार वाईट.

हे काम घरच्यांनी करू नये. तिच्याच क्षेत्रातली एक विश्वासाची व्यक्ती निवडा: सहकारी, जुनी मैत्रीण, किंवा ती ज्यांच्याकडे सुपरव्हिजनसाठी, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल मार्गदर्शन घ्यायला, जायची त्या. अपॉइंटमेंटची वही आणि कामाचा फोन त्यांच्या हाती द्या. काही थेरपिस्टांनी अशी व्यवस्था आधीच लिहून ठेवलेली असते. कपाटातल्या कागदांत किंवा वहीच्या शेवटच्या पानावर तसं काही आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा.

फोन करण्याचा क्रम तारखेप्रमाणे ठेवावा. आधी पुढच्या सात दिवसांतल्या वेळा, मग महिन्याभरातल्या, मग अधूनमधून येणारे. शक्य तिथे प्रत्यक्ष बोलावं, नुसता मेसेज टाकू नये. वॉट्सॲपवर गट करून सगळ्यांना एकदम कळवणं तर अजिबात नको, कारण गटात प्रत्येकाला दुसऱ्याचा नंबर दिसतो. फोन घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर "समुपदेशन केंद्रातून बोलतेय" असं म्हणू नये. नवऱ्याला किंवा सासूला माहीत नसताना येणाऱ्या बायका पुष्कळ असतात. आपलं नाव सांगावं, "मला फोन करायला सांगाल का?" एवढं म्हणावं आणि ठेवावं.

बोलणं साधं आणि थोडकं असावं: "नमस्कार, मी अमुक, मॅडमची सहकारी. एक वाईट बातमी आहे. आत्ता दोन मिनिटं बोलायला जमेल का? मॅडम मंगळवारी गेल्या. तुमची गुरुवारची वेळ होती म्हणून मुद्दाम कळवतेय. तुमच्या नोंदी कुलपात आहेत, त्या कुणीही वाचलेल्या नाहीत." मग थोडं थांबावं. नोंदींचा उल्लेख आवर्जून करावा, कारण "माझं सगळं लिहिलेलं आता कुणाच्या हातात?" ही भीती पहिल्या काही मिनिटांतच मनात येते आणि विचारायची मात्र लाज वाटते. शेवटी दोन-तीन दुसऱ्या थेरपिस्टांची नावं द्यावीत, फी आणि मिळणाऱ्या वेळा विचारून ठेवलेली. कुणी फार कोसळलेलं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. मृत्यूचं कारण विचारलं तर घरच्यांनी ठरवून दिलेलं एक वाक्य सांगावं. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर कसा, कुठे, याचा तपशील कुणालाही देऊ नये.

पुढच्या सत्रांचे पैसे कुणी आगाऊ भरले असतील तर ते परत करावेत, मागायची वाट न बघता.

नोंदींच्या फायली आहेत तशा पेटीत घालून कुलूप लावावं. वाचू नयेत, "ओळखीचं कुणी आहे का" म्हणून चाळू नयेत आणि घाईने जाळूही नयेत. एखाद्याला पुढच्या उपचारासाठी स्वतःची नोंद लागू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या २३ व्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ती गेली म्हणून तो हक्क संपत नाही. किल्ली त्याच सहकाऱ्याकडे राहू द्यावी. काय किती दिवस ठेवायचं आणि केव्हा नष्ट करायचं, हे त्या सहकाऱ्यानेच ठरवावं.

आता तिच्या स्वतःच्या फोनबद्दल. तिचा आवाज घरच्यांना हवाच असतो आणि तो बहुधा वॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये असतो: "येताना कोथिंबीर आण गं", "पोचलास का रे?" या नोट मिळवताना एक चूक नेहमी होते. मुलगा फोनमधलं व्हॉइस नोटचं अख्खं फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घेतो. त्या फोल्डरमध्ये घरच्यांच्या नोटबरोबर तिच्याकडे येणाऱ्यांच्याही नोट असतात, नुसत्या तारखांच्या नावाने, सरमिसळ. त्यापेक्षा आपल्या आपल्या फोनवरून, आपल्याशी झालेल्या चॅटमधूनच त्या वाचवाव्यात. चॅट उघडून "एक्सपोर्ट चॅट" करताना "मीडियासह" निवडलं की नोट बाहेर येतात. त्यांची फाइल ओपस नावाच्या प्रकाराची असते आणि काही साध्या प्लेअरवर वाजत नाही, म्हणून एमपी३ करून दुसरी प्रत ठेवावी. हे पहिल्या महिन्यातच उरकावं. वॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापराविना राहिलं की सहसा बंद होतं. प्रीपेड सिमही ९० दिवस काहीच वापर नसेल आणि शिल्लक नसेल तर जातं. बँकेचे, विम्याचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात, तेव्हा निदान सहा महिने रिचार्ज चालू ठेवा.

निधनवार्ता

वृत्तपत्राची निधनवार्ता दहा ओळींची असते, पण चुका तिथेच सगळ्यांत जास्त होतात, आणि कात्रण मात्र चाळीस वर्षं राहतं.

पहिली चूक हुद्द्याची. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवी घेऊन मानसोपचारात पुढे शिकलेले, औषधं लिहून देणारे डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक आणखी वेगळे. वाचोपचार (स्पीच थेरपी), भौतिकोपचार (फिजिओथेरपी), व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करणाऱ्यांनाही लोक थेरपिस्टच म्हणतात. तिच्या लेटरहेडवर किंवा दाराच्या पाटीवर जे लिहिलेलं होतं, तेच अक्षर न् अक्षर छापायला द्या. आदर म्हणून "डॉ." लावू नका. जी बाई आयुष्यभर "मी डॉक्टर नाही, औषध देत नाही" असं पहिल्या भेटीत सांगत आली, तिच्या नावामागे तो लागणं बरं नव्हे.

दुसरी, माहेरचं नाव. शाळा-कॉलेजातल्या मैत्रिणी तिला त्याच नावाने ओळखतात. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर दोन्ही द्या: "(माहेरची अमुक तमुक)". एवढ्या एका कंसाने तिचा शाळेचा अख्खा वर्ग शोकसभेला येतो.

तिसरी, नावाआधीचं बिरुद. "कै.", "कै. सौ.", वारकरी घरात "वै.", बौद्ध घरात "कालकथित", ख्रिस्ती घरात "ख्रिस्तवासी" असं घरोघरी वेगळं. यातलं काहीच नको असेल तर नुसतं नाव चालतं, "दिवंगत" हाही मोकळा पर्याय. तिच्या स्वतःच्या मताला धरून ठरवा. हयातीत "सौ." न लावणाऱ्या बाईला मेल्यावर ते लावणं म्हणजे तिचं एक ठाम मत पुसणं.

मजकूर असा असावा: "समुपदेशक … (माहेरच्या …) यांचे १४ तारखेला राहत्या घरी निधन झाले. त्या ६१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, मुलगी, जावई, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे. स्मरणसभा रविवारी सायंकाळी ५ वाजता … येथे होईल." दोन वर्षं कर्करोगाशी झुंजली असेल तर सवयीने "अल्पशा आजाराने" लिहू नका. क्लिनिकमधला फोन नंबर बातमीत देऊ नये, घरातल्या एकाचा द्यावा. पैसे भरून दिलेल्या जाहिरातीसाठी वृत्तपत्रं बहुधा मृत्यूचा दाखला किंवा स्मशानातली पावती मागतात, तेव्हा त्या कागदाचा फोटो काढून हाताशी ठेवा.

स्मरणसभा

सभा दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास, शक्यतो रविवारी. एकूण ७५ मिनिटं पुरतात. सहा बोलणारे, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं, मध्ये एखादं भजन किंवा तिच्या आवडीचा वाद्यसंगीताचा तुकडा, शेवटी दोन मिनिटं स्तब्धता. शांतपणे वाचलं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांसाठी पाचशे-साडेपाचशे शब्द, त्याहून जास्त नको. कागदावर १६ पॉइंटच्या अक्षरात, ओळी सुट्या सुट्या ठेवून छापून घ्या, कारण डोळ्यांत पाणी आलं की बारीक अक्षर दिसत नाही. प्रत्येकाच्या कागदाची दुसरी प्रत सूत्रसंचालकाकडे हवी. मुलीचा गळा दाटला तर तो पुढचं वाचू शकतो, आणि तशी सोय आहे हे माहीत असलं की तीही धीराने उभी राहते.

क्रम लावताना नवऱ्याला पहिलं बोलायला लावू नका. आधी सहकारी, मग बालमैत्रीण, भाऊ किंवा बहीण, मुलं, आणि सर्वांत शेवटी तो, त्याची इच्छा असेल तरच. जिच्याबरोबर तीस-पस्तीस वर्षं संसार केला तिच्याबद्दल बाराव्या दिवशी माइकवर बोलणं सगळ्यांना जमत नाही. त्याच्या चार ओळी मुलाने वाचल्या तर काही बिघडत नाही.

आता या सभेपुरत्या खास गोष्टी. "मॅडमकडे आलेल्यांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" हे वाक्य माइकवरून कधीही येऊ देऊ नका. सूत्रसंचालकाला आधी बजावून ठेवा, कारण चांगल्या हेतूनेच ते तोंडून निघतं. सभागृहात मान वळवून बघणाऱ्या नजरा सुरू होतात आणि मागची रांग रिकामी होते. व्हिडिओ काढायचा असेल तर कॅमेरा फक्त बोलणाऱ्यावर रोखलेला असू द्या, प्रेक्षकांवर फिरवू नका. फेसबुक लाइव्ह करणाऱ्या भाच्यालाही हेच सांगा. दाराशी सह्यांची वही ठेवाल तर फोन नंबरचा रकाना नको आणि सहीचा आग्रह नको. त्याच टेबलावर कोरी कार्डं, पाच-सहा पेनं आणि झाकणाची पेटी ठेवा, वर लिहा: "आठवण लिहायची असल्यास. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही." चांगली दोनशे कार्डं आणा, पोस्टकार्डाच्या आकाराची. कोपऱ्यात, खांबाआड दोन खुर्च्या आणि लिहिण्यापुरतं टेबल असेल तर कार्डं जास्त भरतात. उभ्याने, लोकांच्या डोळ्यांसमोर असं लिहिलं जात नाही.

ती कार्डं घरच्यांनी वाचावीत, जपावीत. छापू मात्र नयेत. लिहिणाऱ्याने ती घरच्यांसाठी लिहिलेली असतात. निनावी असली तरी प्रसंगावरून आणि अक्षरावरून माणूस ओळखू येतो.

फोटो निवडताना स्टुडिओवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: रंग उजळू नको, चष्मा काढू नको. टेबलावरच्या १२ बाय १८ इंची फोटोला साधारण २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. वॉट्सॲपवरून आलेला फोटो त्यापेक्षा खूप लहान झालेला असतो आणि मोठा केला की चेहरा पुसट होतो. ज्याच्याकडे मूळ फोटो आहे त्याला तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. कार्यशाळेतला किंवा स्वमदत गटातला फोटो सुंदर असला तरी बाजूचे चेहरे कापूनच घ्यायचा. २०१७ च्याच कायद्याचं २४ वं कलम उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यावर बंधन घालतं. घरचा कार्यक्रम म्हणजे माध्यम नव्हे हे खरं, पण तो फोटो दुसऱ्या दिवशी कुठे कुठे फिरतो यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

लेख लिहिताना

घाई नको. सभेतलं बोलणं वेगळं आणि वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेतला लेख वेगळा. लेखासाठी आधी माहिती गोळा करा. कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या पाठी चिकटवून एक लांब पट्टी करा, त्यावर वर्षं लिहा आणि आठवेल ते त्या त्या वर्षाखाली टाकत जा: जन्म, शाळा, घरं, लग्न, बाळंतपणं, पहिली नोकरी, समुपदेशनाचा अभ्यासक्रम कधी, मुलं केवढी होती तेव्हा. बऱ्याच बायका या क्षेत्रात मुलं थोडी मोठी झाल्यावर येतात. चाळिशीत परत परीक्षेला बसणं, रात्री अकरानंतर जेवणाच्या टेबलावर अभ्यास करणं हा भाग मुलांना आठवतो, पण लेखात क्वचित येतो. तो यायला हवा.

मग म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. तिची आई, मोठी बहीण, मामा. फोन टेबलावर एक वीत अंतरावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, पंखा बंद करा, चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. पंख्याचा आवाज त्या वेळी कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र सगळं बोलणं खाऊन टाकतो. "ती कशी होती हो?" असं विचारलं तर "फार गुणाची" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: रुसली की कुठे जाऊन बसायची? पहिल्या पगाराचं काय आणलं? कुणाशी अबोला धरला होता का? भाजी निवडताना काय गुणगुणायची? लग्न ठरलं तेव्हा रडली का हसली? रेकॉर्डिंगच्या फाइलला त्याच दिवशी नाव द्या, "मोठी मावशी, १२ जून" असं, आणि तीन जागी ठेवा: फोनमध्ये, पेनड्राइव्हवर, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या संगणकावर.

लिहायला बसल्यावर हात आपोआप जे लिहितो ते असं असतं: "आई अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू होती. तिने कधी कुणाला दुखावलं नाही. तिच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." यातला शब्द न् शब्द खरा असेल, पण तो गल्लीतल्या कुठल्याही आईला लागू पडतो. प्रत्येक विशेषणापुढे स्वतःला विचारा, "म्हणजे ती काय करायची?" आणि विशेषण खोडून ते लिहा:

"आई क्लिनिकमधून साडेसातला यायची. पर्स खुंटीला, हातपाय धुणं, आणि मग गॅलरीत वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत आईशी बोलायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण आम्ही बोलायचो नाही. आत आली की ओट्याशी टेकून म्हणायची, 'हं, आता सांगा.' मग कुकरची शिट्टी झाली तरी मान वळवायची नाही."

या परिच्छेदात आई आहे आणि थेरपिस्टही आहे, शिवाय मुलांची थोडी तक्रारही आहे. ती काढून टाकू नका. दिवसभर परक्यांचं ऐकून आलेल्या आईकडे घरच्यांसाठी कधी कधी काही उरायचं नाही, मुलांना त्या अनोळखी माणसांचा हेवा वाटायचा, नवऱ्याने "माझ्याशी थेरपिस्टसारखं बोलू नकोस" म्हणून वाद घातलेले असतात. हे लिहिल्याने ती लहान होत नाही. कसोटी एवढीच ठेवावी, की ती समोर बसलेली असताना हे वाक्य वाचून दाखवलं असतं का? असतं, तर ठेवा.

तिच्या कामाबद्दल लिहिताना माणसांऐवजी खोलीबद्दल आणि रीतीबद्दल लिहा. तिथे सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि कुणाचं गुपित फुटत नाही. दोन खुर्च्या समोरासमोर नसून थोड्या तिरक्या का असायच्या: बोलणाऱ्याला नजर खिडकीकडे वळवायची सोय हवी म्हणून. भिंतीवरचं घड्याळ समोरच्याच्या डोक्यामागे का: कारण थेरपिस्टने मनगटाकडे पाहिलं की बोलणारा तिथेच थांबतो. टिश्यूचा डबा समोरच्याच्या हाताशी का: आपण होऊन टिश्यू पुढे केला तर "आता पुरे, डोळे पूस" असा अर्थ निघतो, रडणाऱ्याने तो स्वतः घ्यावा. या गोष्टी तिच्या सहकाऱ्यांना आणि तिच्या हाताखाली शिकलेल्यांना विचारा, ते तासभर सांगतील.

"एका आयटीतल्या मुलीला आईने मरणाच्या दारातून परत आणलं" असली वाक्यं मात्र नकोत, नाव बदलूनसुद्धा. तालुक्याच्या गावात नोकरी, वर्ष आणि एक प्रसंग एवढ्यावर माणूस ओळखला जातो. कुणी स्वतःहून लेख लिहून दिला तर घ्यावा, पण लगेच छापू नये. पहिल्या दिवसांच्या भरात दिलेली संमती महिन्याने बदलू शकते. छापायला जायच्या आधी मुद्रित (प्रूफ) त्यांच्याकडे पाठवावं, लेखी होकार घ्यावा आणि "नाव काढायचं असल्यास अजूनही काढू" असं एकदा विचारावं. तिला आलेली दिवाळीची भेटकार्डं, आभाराची पत्रं यांचे फोटोही छापू नयेत, अक्षर ओळखू येतं.

आणखी एक गोष्ट, मराठीची म्हणून. नवरा "ती" म्हणून लिहितो, मुलं "आई… ती" किंवा थेट "तू", विद्यार्थिनी "मॅडम… त्या". एखादा संपादनाची हौस असलेला नातेवाईक हे सगळं "त्या" करून टाकतो आणि नवऱ्याचा लेख परक्याचा वाटायला लागतो. ज्याचं त्याचं राहू द्या. फक्त सुरुवातीच्या एका पानाच्या परिचयात एकच रूप धरा.

स्मरणिका छापताना

ए५ आकार, मधोमध पिना मारलेली पुस्तिका हा सोपा आणि स्वस्त प्रकार. पानांची संख्या चारच्या पटीत हवी: १६, २० किंवा २४. अठरा पानांचा मजकूर झाला तर दोन कोरी पानं नाहीतर दोन जास्तीचे फोटो असं ठरवून टाका, नाहीतर छापखान्यात कुणीतरी घाईने काहीतरी कापतं. आतला कागद १३० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम, यावरून कागदाची जाडी कळते), कव्हर २५० ते ३००. पूर्ण पानाच्या फोटोला १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात. जुने फोटो ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा रंगाचा थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.

सगळ्यांत जास्त त्रास अक्षरांचा होतो. घरून मजकूर युनिकोडमध्ये जातो आणि पुष्कळ छापखान्यांत तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्या बदलात "ऱ्या"चा "र्या" होतो, "ॲ" गायब होतो, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. "दुसऱ्या", "ॲडमिशन", "पूर्वी" असे शब्द मुद्दाम शोधून तपासा. शेवटचं मुद्रित पडद्यावर न तपासता कागदावर काढून तपासा, आणि नावं, तारखा तपासायला घराबाहेरचा माणूस बसवा. घरच्यांचे डोळे फोटोवर अडकतात.

घरात राहणाऱ्या गोष्टी

मुलं लहान असतील तर तिची एक ओढणी किंवा घरात नेसायची साडी न धुता हवाबंद पिशवीत ठेवा. वास काही महिने टिकतो आणि मुलं तो मागतात. तिच्या हस्ताक्षरातली लोणच्याच्या मापाची चिठ्ठी, डब्यांवरची लेबलं, वाणसामानाची यादी हेही टाकू नका.

साड्यांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. नातेवाइकांना वाटून उरतील त्यातल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्यावी. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. तिचे २.१ मीटरचे दोन तुकडे लांब कडेने जोडले की मोठ्या गोधडीचा एक थर होतो आणि वर मीटरभर कापड उरतं. चार थरांना चार साड्या. सगळ्यांत ओळखीची साडी वर आणि पदर एका टोकाला दिसेल असा. रेशमी आणि सिंथेटिक साड्या यात घालू नका, त्या सुतीवरून घसरतात आणि दोन धुण्यांत आतले थर गोळा होतात. खळ असेल तर आधी धुऊन काढा. चारही थर जमिनीवर ताणून पसरा, हातभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला आणि मगच बारीक धावदोरा धरा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवून. कच्चे टाके चुकवले तर मध्ये फुगा येतो, मग सगळं उसवावं लागतं. दोघी-तिघी बहिणींनी बसून केलं तर पंधरा दिवसांचं काम आहे, आणि हात चालू असताना आठवणी जशा निघतात तशा रेकॉर्डर लावून निघत नाहीत.

तिथींपैकी वर्षश्राद्ध सगळ्यांच्या लक्षात असतं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातली भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, ही वेगळी असते. पती हयात असेपर्यंत त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालायची रीत आहे. ज्यांना विधी नको असतील त्यांनी १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन धरावा. तिच्या नावाने काही करायचं असेल तर पुरस्कारापेक्षा ज्यांना फी परवडत नाही त्यांच्या सत्रांचा खर्च उचलणं तिच्या कामाला जास्त धरून आहे. दोन लाख रुपयांवर साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला तेरा हजार येतात. एका विश्वासाच्या समुपदेशन केंद्राकडे ते सोपवा, कुणासाठी वापरले ते विचारू नका, फक्त किती सत्रं झाली तो आकडा घ्या.

क्लिनिकची पाटी लगेच उतरवू नका. निदान तीन महिने ती राहू द्या आणि खाली एक साधा कागद लावा: "मॅडमचे निधन झाले आहे. आपल्याला काही विचारायचे असल्यास …" आणि पुढे त्या सहकाऱ्याचं नाव व नंबर. वर्षातून एकदाच येणारी माणसं असतात, त्यांना दुसरीकडून कळण्याचा मार्ग नसतो. पावसाळा असेल तर कागद प्लॅस्टिकमध्ये घाला आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन तो अजून लागलेला आहे ना, ते बघून या.